क्विनोआच्या शेतातील भाऊबंदकी
चौमूं परिसरातील नवे पीक, त्याचे जुने तण आणि आच्छादन पिकांचा हिशोब

हिवाळ्याच्या प्रारंभी आपल्याकडील मंडईत चाकवताच्या जुड्या येऊ लागतात. ताक आणि डाळीच्या पिठात घोटलेली चाकवताची पातळ भाजी मराठी घरांत नवी नाही. हेच चाकवत राजस्थानात 'बथुआ' या नावाने ओळखले जाते. तेथेही त्याचे रायते होते, त्याचे पराठे होतात. मात्र तेथील शेतकरी चाकवत सहसा पेरत नाही. ते गव्हात, हरभऱ्यात, जवात आपले आपण उगवते. स्वयंपाकघरात भाजी असलेली ही वनस्पती शेतात तण म्हणून वावरते, आणि रब्बीतील रुंद पानांच्या तणांमध्ये ती अत्यंत चिवट समजली जाते.

जयपूरहून सीकरकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर चौमूं हे तालुक्याचे गाव आहे. जमीन रेताड ते वालुकामय पोयट्याची. पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर, आणि त्यातील बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये पडून जाणारा. खरिपात बाजरी, भुईमूग, मूग व गवार. रब्बीत गहू, जव, हरभरा, मोहरी आणि भाजीपाला अशी येथील पीकपद्धती आहे. भाजीपाल्यासाठी तर चौमूंची मंडी दूरवर प्रसिद्ध आहे. हा सारा व्यवहार कूपनलिकांच्या आधारावर चालतो, आणि केंद्रीय भूजल मंडळाच्या वर्गीकरणात जयपूर जिल्ह्यातील बहुतेक सर्व गट 'अतिशोषित' या सदरात मोडतात. कमी पाण्यावर येणारे, थोडेफार खारे पाणीही सहन करणारे एखादे पीक अशा प्रदेशात कोणी सुचविले, तर त्याकडे कान टवकारले जाणे स्वाभाविकच होय.

असे एक पीक म्हणजे क्विनोआ. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उंच पठारांवर, आजच्या पेरू व बोलिव्हिया या देशांत, हजारो वर्षांपासून त्याची लागवड होत आली आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय क्विनोआ वर्ष म्हणून साजरे केले आणि हे धान्य जगभरच्या बाजारात पोहोचले. त्याच दशकाच्या मध्यास राजस्थानातही शासकीय प्रोत्साहनाने त्याची लागवड सुरू झाली. पेरणी ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, काढणी साधारण चार महिन्यांनी, आणि पाणी गव्हापेक्षा कमी. कागदावर हे गणित आकर्षक दिसते. शेतात उतरल्यावर मात्र पहिली अडचण उभी राहते ती तणाची, आणि ते तण बहुधा बथुआच असते.

एकाच कुळातील वैरी

क्विनोआ व चाकवत ही एकाच वंशातील झाडे होत. वनस्पतिशास्त्रात या वंशास 'चेनोपोडियम' म्हणतात. पानाचा आकार हंसाच्या पावलासारखा असतो, त्यावरून हे ग्रीक नाव पडले. क्विनोआचे रोप पहिले तीन-चार आठवडे फारच संथ वाढते. त्या अवस्थेत दोहोंची कोवळी पाने, पानांवरील पांढुरकी पिठूळ लव आणि खोडाची ठेवण इतकी सारखी असते, की अनुभवी मजुराचाही हात चुकतो. मराठीत भाऊबंदकी हा शब्द ज्या अर्थाने वापरला जातो, तो येथे शब्दशः लागू पडतो. वाटा मागणारा परका नसून घरातलाच आहे.

या नात्याचा खरा फटका औषधांच्या बाबतीत बसतो. गव्हात बथुआ माजला तर टू-फोर-डी किंवा मेटसल्फ्युरॉन यांसारखी तणनाशके वापरता येतात, कारण गहू हा गवताच्या कुळातील असल्याने त्यातून तगतो. क्विनोआत ही सोय नाही. जे औषध चाकवत मारील, ते क्विनोआलाही सोडणार नाही. इतकेच नव्हे, तर आधीच्या बाजरीत वापरलेल्या ॲट्राझिनचा किंवा गव्हातील मेटसल्फ्युरॉनचा जमिनीत राहिलेला अंशदेखील या पिकाच्या कोवळ्या रोपांना बाधू शकतो. म्हणून क्विनोआ पेरू इच्छिणाऱ्याने बियाण्याच्या चौकशीआधी आपल्याच शेतात मागील वर्षभरात काय फवारले गेले, हे आठवून पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

दुसरा फटका बाजारात बसतो. क्विनोआचा दाणा मोहरीच्या आसपासचा, जेमतेम दोन मिलिमीटर व्यासाचा. चाकवताचे बी त्याहून थोडे लहान, काळे आणि चकचकीत. दोन्ही झाडे एकाच वेळी पक्व होतात, एकाच मळणीत येतात. फिकट दाण्यात मिसळलेले काळे बी चाळणीने पूर्णपणे वेगळे होत नाही, आणि खरेदीदाराच्या नजरेला ते प्रथम पडते. ज्या पिकाला किमान आधारभूत किंमत नाही आणि ज्याचे खरेदीदार मोजकेच आहेत, त्या पिकात मालाची शुद्धता हाच भावातील मुख्य मुद्दा ठरतो.

चाकवताचे एक झाड हजारो बिया टाकते. त्यांतील काही लगेच रुजतात. उरलेल्या मातीत वर्षानुवर्षे, अनुकूल परिस्थितीत दशकानुदशके, जिवंत पडून राहतात. बँकेच्या भाषेत बोलायचे तर ही मुदत ठेवच होय, आणि दरवर्षीच्या नांगरटीने तिचा काही भाग वटविण्यासाठी वर येतो. कारण हे बारीक बी खोलवरून उगवू शकत नाही. ते वरच्या दोन-तीन सेंटिमीटर थरात आले, त्याला ओल मिळाली आणि विशेषतः प्रकाशाचा स्पर्श झाला, की ते जागे होते. हा प्रकाशाचा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढील विवेचन त्यावरच उभे आहे.

हिरवळीचे खत आणि आच्छादन यांतील फरक

आच्छादन पीक म्हणजे विक्रीसाठी न घेता जमीन झाकण्यासाठी घेतलेले पीक. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ताग व धैंचा परिचित आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीस ते पेरावयाचे, दीड-दोन महिन्यांनी फुलोऱ्यात येताच जमिनीत गाडावयाचे, ही हिरवळीच्या खताची पद्धत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. राजस्थानात तागास सनई म्हणतात. तेथे खरिपातील गवार, चवळी, मूग ही पिकेही या कामी येऊ शकतात.

क्विनोआ रब्बीत पेरावयाचा असल्याने खरिपाचे चार महिने आच्छादन पिकास मोकळे आहेत, असा विचार सहज सुचतो. सल्लाही बहुधा तसाच दिला जातो. परंतु येथे एक बारकावा आहे. बथुआ हे थंडीचे तण आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ते शेतात नसतेच. त्याचे बी मातीत स्वस्थ पडलेले असते. तागाची दाट वाढ खरिपातील लव्हाळा, हरळी, रानमाठ यांना दाबून टाकते हे खरे, पण जो शत्रू रणांगणावर आलेलाच नाही, त्याच्यावर या सावलीचा परिणाम व्हावा कसा?

आणि फुलोऱ्यातील ताग गाडला, तर परिणाम उलटाही होऊ शकतो. नांगराने खालच्या थरातील जुने बी वर येते. ताग कुजून जमिनीत नत्र मोकळे होते, आणि नत्रावर चाकवत जितक्या हावरेपणाने वाढते तितकी फार थोडी झाडे वाढत असतील. उकिरड्याच्या कडेला चाकवत का माजते, याचे उत्तर त्यातच आहे. म्हणजे जमिनीचा पोत सुधारावा या सद्हेतूने केलेले काम नेमके तणाला खाद्य पुरविते.

तण रोखण्यासाठी आच्छादन पीक वापरावयाचे असेल, तर ते गाडण्याऐवजी आडवे पाडून जमिनीवरच राहू द्यावे लागते. त्यामुळे तीन गोष्टी साधतात. जमिनीवर पोहोचणारा प्रकाश अडतो, त्यामुळे वरच्या थरातील बी जागे होत नाही. नांगरट टळल्याने खालचे बी खालीच राहते. शिवाय काडीकचऱ्याखाली आसरा घेणारे मुंग्या व भुंगेऱ्यांसारखे कीटक जमिनीवर पडलेले बी मोठ्या प्रमाणात फस्त करतात. ज्वारीसारख्या काही पिकांच्या मुळांतून व अवशेषांतून अन्य बियांची उगवण रोखणारी द्रव्येही पाझरतात. ज्वारीतील अशा द्रव्याचा अभ्यास बराच झाला आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात रोडेल इन्स्टिट्यूटने राय या धान्याचे उभे पीक जड लाटणीने लोळवून त्यातच सोयाबीन पेरण्याची पद्धत बरीच वर्षे राबविली आहे. आपल्याकडे रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या 'सगुणा' तंत्रातही न नांगरता कायम गादीवाफ्यांवर शेती करण्यावरच भर आहे. पिके व प्रदेश निराळे असले, तरी माती न उलथण्याचे सूत्र समान आहे.

चौमूंच्या मातीतील अडचणी

तत्त्व समजले म्हणून ते कोठेही जसेच्या तसे लागू होत नाही. चौमूं परिसरात त्यापुढे चार अडथळे आहेत.

पहिला अडथळा वाळवीचा. रेताड, उष्ण जमिनीत पडलेला काडीकचरा वाळवी झपाट्याने संपविते. मूग-चवळीसारख्या द्विदल पिकांचा मऊ पाला तर काही आठवड्यांतच नाहीसा होतो. ऑगस्टअखेर पाडलेले आच्छादन नोव्हेंबरात, म्हणजे ज्या वेळी त्याची गरज असते तेव्हा, शेतात उरलेलेच नसते. यावर उपाय दोन. ताग फुलोऱ्यात न पाडता ७५ ते ८० दिवसांचा होऊ द्यावा. तोवर त्याच्या खोडात धागा तयार होतो आणि असे तंतुमय खोड सावकाश कुजते. अथवा बाजरी व चवळी मिसळून पेरावी, म्हणजे बाजरीचा ताठा टिकतो आणि चवळीचा वेल मधली जागा भरतो.

बाजरीचे नाव निघताच दुसरा अडथळा उभा राहतो. या भागात बाजरीचे सरमाड हे दुभत्या जनावरांचे मुख्य वैरण होय, आणि दुधाचा पैसा घरात रोज येतो. तो चारा जमिनीवर अंथरून ठेवा, असे सांगणारा सल्लागार त्या घरच्या गृहिणीसमोर टिकणार नाही, आणि टिकू नये. शिवाय सप्टेंबरनंतर मोकाट जनावरांचा प्रश्न आहेच. कुंपण नसलेल्या शेतातील चवळी-बाजरी रातोरात साफ होऊ शकते. या दोन्ही दृष्टींनी जनावरे सहसा आवडीने न खाणारा जून ताग अधिक सोयीचा ठरतो.

तिसरा अडथळा खुद्द क्विनोआचा. त्याचे बी एक ते दोन सेंटिमीटरपेक्षा खोल पेरता येत नाही, आणि जाड आच्छादन भेदून वर येण्याची ताकद त्याच्या अंकुरात नाही. ज्या सावलीने चाकवत दबते, तिच्यातच क्विनोआही दबेल. नाते येथेही आडवे येते. म्हणून शेतभर सरसकट आच्छादन न ठेवता, दीड फूट अंतरावर तळहाताएवढी रुंद पट्टी मोकळी करून त्या ओळीत बी पेरावे आणि आच्छादन दोन ओळींच्या मधल्या जागेत ठेवावे. त्यामुळे खुरपणी उरते ती केवळ ओळीतील. शिवाय ओळीबाहेर जे उगवेल ते तणच, हे ओळखण्यासाठी कोणाला पानावरची लव निरखावी लागत नाही. फोकून पेरलेल्या क्विनोआत ही सोय अजिबात नसते. किंबहुना फोकून पेरणे हीच या पिकातील सर्वांत महागडी चूक म्हणावी लागेल. आच्छादन पाडणे व क्विनोआची पेरणी यांत किमान दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवणेही आवश्यक आहे, कारण ताज्या अवशेषांतून पाझरणारी द्रव्ये तण आणि पीक असा भेद करीत नाहीत.

चौथा अडथळा पाण्याचा. आच्छादन पीक पावसावरच यावयास हवे. त्यासाठी कूपनलिका चालवावी लागत असेल, तर क्विनोआने वाचविलेले पाणी आधीच खर्च होते. सप्टेंबरमध्ये उभे राहिलेले पीक जमिनीतील ओलही शोषून घेते; म्हणून पावसाने लवकर पाठ फिरविली तर ताग ८० दिवसांचा होण्याची वाट न पाहता आधीच पाडणे शहाणपणाचे.

ज्यांना पेरणी दहा-बारा दिवस पुढे ढकलता येते, त्यांच्यासाठी आणखी एक जुनी युक्ती आहे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात थंडी पडू लागताच पेरणीच्या पट्ट्यांना हलके पाणी द्यावे, उगवलेले चाकवत वरच्यावर खरवडून काढावे आणि मगच माती न उलथता पेरणी करावी. या पहिल्या पिकातील कोवळे चाकवत भाजी म्हणून विकलेही जाते. तणाची जुडी बांधून तिचे पैसे करण्याची संधी शेतीत क्वचितच येते.

पैशाचा हिशोब

शेतकरी मेळाव्यांत आच्छादन पिकांचे गुण सांगितले जातात, पण त्यांचा खर्च कोठून भागवावा हे सांगितले जात नाही. एक उदाहरण घेऊ. पुढील आकडे केवळ हिशोबाची रीत दाखविण्यासाठी गृहीत धरले आहेत. प्रत्येकाने तेथे आपले आकडे घालावेत.

समजा, एक एकर क्विनोआला दोन खुरपण्यांसाठी मिळून २० मजूर लागतात आणि मजुरी ४०० रुपये आहे. हा खर्च ८,००० रुपये. तागाचे बी, पेरणी आणि पीक पाडणे यांस ३,५०० रुपये लागले आणि आच्छादनामुळे निम्मी खुरपणी वाचली, तर बचत ४,००० रुपयांची. काळ्या बियांची भेसळ कमी झाल्याने २४,००० रुपयांच्या मालावरील १० टक्के कपात टळली, असे मानले तर आणखी २,४०० रुपये. एकूण लाभ ६,४०० व खर्च ३,५००. निव्वळ २,९०० रुपये हाती राहतात.

पण हे गणित तेव्हाच खरे, जेव्हा ते शेत खरिपात एरवी पडीकच राहणार होते. तेथे बाजरी घेतली असती आणि धान्य व चारा मिळून ६,००० रुपये निव्वळ मिळाले असते, तर ते उत्पन्न सोडल्याची रक्कमही खर्चात धरावी लागते. मग खर्च ९,५०० रुपयांवर जातो आणि शेतकरी ३,१०० रुपयांनी तोट्यात येतो. जमिनीचा पोत व वाचलेली ओल यांचे मूल्य यात धरलेले नाही हे मान्य. परंतु कर्जाचा हप्ता पोताने फेडता येत नाही.

यावरून जे निष्पन्न होते ते सरसकट शिफारशीपेक्षा निराळे आहे. राजस्थानात मोहरीसाठी ओल राखावी म्हणून काही शेते खरिपात पडीक ठेवण्याची प्रथा आहे. अशा शेतात, किंवा बथुआने आधीच ग्रासलेल्या तुकड्यात, आच्छादन पीक घेणे फायद्याचे. ज्या शेतातून खरिपाचे बरे उत्पन्न येते, तेथे मूग घ्यावा, शेंगा तोडाव्यात आणि पाला जमिनीवर राहू द्यावा. आच्छादन अर्धेमुर्धे मिळेल, पण खरिपाचा पैसा हातचा जाणार नाही. आणि जेथे भुईमूग चांगला येतो, तेथे क्विनोआसाठी तो सोडण्याचे कारण दिसत नाही. भुईमुगाच्या काढणीत माती पूर्ण उलथली जाते, त्यामुळे त्यामागून येणाऱ्या क्विनोआत चाकवत जोमाने उगवणार, हे मात्र गृहीत धरावे.

शाखेच्या टेबलावरून

किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरविताना पिकाखालील क्षेत्रास त्या पिकाच्या कर्जदराने गुणले जाते. या दरास बँकेच्या परिभाषेत स्केल ऑफ फायनान्स म्हणतात आणि तो जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरविते. त्यात काढणीपश्चात व घरगुती गरजांसाठी १० टक्के आणि शेतीसाधनांच्या देखभालीसाठी २० टक्के रक्कम मिळविली जाते. या चौकटीत आच्छादन पिकास स्वतंत्र जागा नाही, कारण त्याचे उत्पन्न नाही. जुलैत होणारा हा खर्च प्रत्यक्षात नोव्हेंबरातील पिकाचा असतो, पण तो त्या पिकाच्या नावे लिहिला जात नाही. परिणामी शेतकरी तो टाळतो, आणि डिसेंबरात खुरपणीच्या मजुरीसाठी सावकाराकडे किंवा अडत्याकडे उचल घेतो. ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जावर वेळेवर परतफेड करणाऱ्यास व्याज प्रत्यक्षात ४ टक्के पडते. अडत्याची उचल किती टक्क्यांची असते, हे ग्राहकांस सांगण्याची आवश्यकता नाही.

यास्तव कर्जप्रस्ताव खरिपाच्या तोंडावर, म्हणजे जूनमध्येच, दोन्ही हंगामांचा आराखडा घेऊन मांडणे हिताचे. मंजूर मर्यादा फिरती असल्याने तिच्यातील थोडी उचल जुलैत तागाच्या बियाण्यासाठी करता येते. क्विनोआचा कर्जदर त्या जिल्ह्याच्या यादीत आहे किंवा नाही, आणि ते पीक पीकविम्यासाठी अधिसूचित आहे किंवा नाही, हे दोन प्रश्न शाखेत आधी विचारावेत. शाखाधिकाऱ्यानेही अर्जदारास तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात : माल कोण घेणार, बियाणे कोठून आणले व त्यात काळे बी किती, आणि या शेतात मागील खरिपात काय होते. २०१४ च्या सुमारास जागतिक बाजारात क्विनोआचे भाव शिखरावर होते. पुढील दोन वर्षांत ते कोसळले. राजस्थानातही बियाणे हाती आले, पीक आले, पण खरेदीदार शोधताना अनेकांची दमछाक झाली. खरेदीदाराशी बोलणे न करता पेरलेल्या क्विनोआत तण हा प्रश्न दुय्यमच ठरतो.

तांत्रिक सल्ल्यासाठी चौमूंजवळ टांकरडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि जयपूर जिल्ह्यातच जोबनेर येथे श्री कर्ण नरेंद्र कृषी विद्यापीठ आहे. संपूर्ण शेतात प्रयोग करण्याआधी दोन गुंठ्यांत आच्छादनासह व दोन गुंठ्यांत त्याविना पेरणी करून दोन्हीकडील खुरपणीचे मजूर वहीत मांडून ठेवावेत. पुढील वर्षी कर्जप्रस्तावासोबत ती वही आणली, तर शाखेतील चर्चा पुष्कळच सोपी होते.

महाराष्ट्रात क्विनोआ फारसा नसला, तरी राजगिरा आहे, आणि राजगिऱ्याच्या शेतात त्याचाच भाऊबंद रानमाठ उगवतो. तेथेही दाणा बारीक, रोप सुरुवातीस नाजूक, तण त्याच कुळातले आणि मळणीत मिसळणारे बी काळे. रब्बी राजगिरा घेणाऱ्यांनी वरील हिशोबात फक्त पिकाचे नाव व आपले आकडे बदलावयाचे आहेत. एक फरक मात्र आहे : रानमाठ पावसाळ्यातही उगवतो, त्यामुळे तेथे खरिपातील तागाची सावली त्याच्यावर थेट पडते.